ॲनिमेशनपटातल्या पात्राचा अभ्यास कुठून सुरू करावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला लोकप्रिय ॲनिमेशनपटांतल्या पात्रांवर लघुप्रबंध लिहायचा आहे. मार्गदर्शक म्हणाले, "विषय हलका वाटतोय, नीट मांडून आणा." घरी वडील म्हणाले, "कार्टूनवर कसला अभ्यास?" तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विद्यापीठात या विषयाला खरंच जागा आहे का? ज्याला नटच नाही अशा पात्राच्या अभिनयाबद्दल लिहायचं कसं? आणि इथे राहून मराठी अभ्यासकाने यात नवीन काय करावं?

मी पुण्यात वीस वर्षांहून जास्त काळ चित्रपट-अभ्यास शिकवते आहे, आणि दर वर्षी या विषयावरचे दोन-चार लघुप्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आधी मधल्या प्रश्नाला हात घालते, कारण तो सुटला की बाकीचे दोन सोपे होतात.

कॅमेऱ्याने एखादा प्रसंग टिपताना कितीतरी गोष्टी न मागता मिळतात. लक्ष्मी रस्त्यावर चित्रीकरण करा. मागून पिशव्या सावरत जाणारी बाई, वाऱ्याने फडफडणारा कापडी फलक, नटाच्या कपाळावर साचलेला घाम, यातलं काहीच दिग्दर्शकाने ठरवलेलं नसतं. ॲनिमेशनमध्ये असं फुकट काही मिळत नाही. पान हललं, तर कुणीतरी हलवलं म्हणून हललं. पात्राची पापणी कितव्या फ्रेमला मिटायची आणि कितव्या फ्रेमला उघडायची, हे कुणीतरी कागदावर लिहून ठेवलेलं असतं. पात्र काहीच न करता उभं असेल, तर तेही कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणजे पडद्यावर जे जे दिसतं तो कुणाचा तरी निर्णय असतो, आणि निर्णय म्हटला की त्याला "का?" विचारता येतं. या अभ्यासाचं सगळं बळ या एका "का"मध्ये आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लघुप्रबंधांत हीच पायरी गाळलेली असते. पहिल्या पानापासून "या चित्रपटातून मैत्रीचा संदेश मिळतो", "नायिका सक्षम दाखवली आहे" अशी वाक्यं सुरू होतात. ती खोटी नसतात, पण कथेचा सारांश वाचूनही लिहिता आली असती. चित्र कुठे आहे? रेषा कुठे आहे? पात्र चालतं कसं, वळतं कसं, थांबतं कसं? अशी प्रकरणं मी परत पाठवते. आधी हालचाल बघायची आणि अर्थाकडे नंतर यायचं, हा माझ्या वर्गातला नियम आहे आणि तुम्हालाही तोच सांगेन.

एक प्रसंग घेऊन दाखवते. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या १९८८ सालच्या 'माय नेबर टोटोरो'मधला बसथांबा. जुलैच्या सुरुवातीला, बाहेर पाऊस लागलेला असताना, मी हा प्रसंग वर्गात लावते. सात्सुकी आणि तिची धाकटी बहीण मेई बाबांची छत्री घेऊन थांब्यावर उभ्या आहेत. एक बस येते, त्यातून बाबा उतरत नाहीत. अंधार पडतो, मेई पेंगायला लागते, सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. मग छत्रीच्या कडेखालून तिला शेजारी येऊन उभे राहिलेले मोठे, नखं असलेले पाय दिसतात. ती छत्री हळूहळू वर करते. शेजारी टोटोरो, म्हणजे या चित्रपटातला भलामोठा केसाळ प्राणी, डोक्यावर एक पान घेऊन, भिजत उभा.

आता फक्त हालचाल बघा. बराच वेळ सात्सुकी जवळजवळ हलतच नाही. पाऊस मात्र अखंड पडतोय. पाठीवर झोपलेलं मूल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हलता येत नाही, हे ज्याने धाकट्या भावंडाला असं घेतलंय त्याला सांगावं लागत नाही. चित्रकारांनी तिला स्थिर ठेवलं आणि त्या स्थिरतेतून वजन दाखवलं. पाठीवरच्या मेईचं वजन रेषेने काढता येत नाही, ते थांबण्यातून कळतं. मग सात्सुकी टोटोरोला बाबांची छत्री देते. झाडावरून छत्रीच्या कापडावर थेंब पडतो, टप्प असा आवाज येतो. टोटोरो चमकतो. आणखी थेंब पडतात. त्याचे डोळे विस्फारतात, अंगावरचे केस उभे राहतात. त्याला कळलंय की हा आवाज आपल्या डोक्यावरच्या या वस्तूतून येतोय. मग तो पूर्ण ताकदीने उडी मारून जमिनीवर आदळतो आणि झाडावरचे सगळे थेंब एकदम छत्रीवर कोसळतात.

या सगळ्यात टोटोरो एक शब्द बोलत नाही. तरी आपल्याला त्याचं कुतूहल, दचकणं, आनंद आणि तो आनंद पुन्हा हवा असणं, हे सगळं याच क्रमाने कळतं. थेंब आणि थेंब यांच्या मधल्या शांततेची लांबी कमीजास्त केली, तर हा क्रम मोडतो. वर्गात मी एकदा तो तुकडा मधल्या थांब्यांशिवाय जोडून दाखवला होता. टोटोरो नुसता दांडगा प्राणी वाटायला लागला. पात्राचा स्वभाव त्या थांब्यांमध्ये होता.

बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे जे तीन प्रकार सांगितले, संवाद (म्हणजे मेळ), विरोध आणि समतोल, ते तुम्ही मराठी साहित्याच्या तासाला शिकला असाल. ते इथे लावून बघा. स्थिर सात्सुकी आणि अखंड पाऊस यांच्यात विरोधलय आहे. थेंब आणि टोटोरोचे केस यांच्यात संवादलय आहे. मर्ढेकरांनी ही मांडणी ॲनिमेशनसाठी केलेली नाही, हे मान्य. पण "टायमिंग छान आहे" एवढं लिहून थांबण्यापेक्षा ही परिभाषा आपल्याला कितीतरी पुढे नेते, आणि ती आपल्या हाताशी आहे.

हे काम घरी करायला फार सामग्री लागत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई'ची कळ दाबली की चित्रपट एकेक फ्रेम पुढे सरकतो. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. तो आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका, मग फ्रेमा मोजत बघा. वहीत रकाने आखा: कितवी सेकंद, काय हललं, काय थांबलं, कोणता आवाज आला, आणि सगळ्यात शेवटी तुमचा अंदाज. अंदाजाचा रकाना शेवटीच भरायचा. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेमा असतात, पण प्रत्येक फ्रेमेला नवं चित्र असतंच असं नाही. एक चित्र दोन फ्रेमा धरलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात, तीन फ्रेमा धरलं तर ८. मोजायला लागलात की एकाच प्रसंगात एक पात्र १२ चित्रांनी हलतंय आणि दुसरं ८ नी, असं सापडतं. तिथे विचारा, का?

आणि शक्य असेल तर स्वतः एकदा करून बघा. वहीच्या कोपऱ्यात चोवीस पानांवर चालणारा माणूस काढा आणि पानं फडफडवा. चित्रकला येत नसली तरी काढा. माझ्या विद्यार्थ्यांना पाच व्याख्यानांत जे कळत नाही ते या एका दुपारी कळतं, विशेषतः पाऊल टेकल्यावर शरीर खाली जातं आणि मग वर येतं, हे न काढल्यास माणूस बर्फावरून घसरल्यासारखा का दिसतो ते.

"नटच नाही" हा तुमचा शब्दही थोडा तपासायला हवा. नट नसतो असं नाही, तो वाटलेला असतो. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'साठी एका नर्तिकेच्या हालचाली आधी कॅमेऱ्याने टिपल्या होत्या आणि चित्रकार त्या समोर ठेवून काम करत होते. आवाज दुसऱ्याच गायिकेचा. चेहऱ्यावरचे भाव चित्रकार समोरच्या आरशात स्वतःचा चेहरा बघून काढायचे. म्हणजे एका पात्रात तीन-चार माणसांची शरीरं आहेत. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जपान आणि भारत यांनी मिळून केलेला 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा चित्रपट, त्याच्या दिग्दर्शकांत युगो साको यांच्याबरोबर आपले राम मोहनही होते. त्याच्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आहे आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा. जपानी चित्रशैलीत काढलेला राम बोलायला लागतो आणि रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या पिढीला आवाजातून आपला राम ओळखू येतो. हे पात्र कुणाचं? या एका प्रश्नावर एक प्रकरण उभं राहू शकतं.

आता पहिला प्रश्न, जागेचा. वडिलांना सांगायला तुम्हाला बरंच काही मिळेल.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने १९३१ साली मिकी माउसवर टिपण लिहिलं. माणसासारखं दिसणं सोडून दिलं तरी एखादा जीव टिकून राहू शकतो, हे मिकी दाखवतो, असं त्याचं म्हणणं होतं. यंत्रयुगाने पिळून निघालेल्या प्रेक्षकाला त्यात स्वतःचं काहीतरी दिसत होतं. त्याच वर्तुळातले थिओडोर अडॉर्नो आणि मॅक्स होर्कहाइमर यांनी पुढच्या दशकात नेमकी उलट बाजू घेतली. पडद्यावर डोनाल्ड डक मार खातो तो प्रेक्षकाला स्वतःचा मार निमूट सोसायची सवय लागावी म्हणून, असं त्यांनी मांडलं. मला या वादात अजूनही दोघांचं थोडं थोडं पटतं आणि दर वर्षी वर्गातली मुलं यावर भांडतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

सर्गेई आयझेनस्टाईनने १९४० च्या सुमारास डिस्नेवर जी टिपणं काढली, ती मात्र मी प्रत्येकाला वाचायला लावते. रशियन क्रांतीवर चित्रपट काढणारा हा माणूस डिस्नेच्या चित्रांवर मनापासून लुब्ध होता. त्यातल्या आकारांच्या लवचीकपणाला त्याने प्लाझ्मासारखा गुण म्हटलं. मान लांबते, अंग वितळतं, पुन्हा मूळ आकार येतो. कुठल्याही एका आकारात कायमचं अडकून न पडणं, हे त्याला कारखान्यातल्या ठरीव आयुष्यावरचं औषध वाटलं, आणि त्याने त्याची तुलना आगीच्या ज्वाळेशी केली.

मानसशास्त्रातला एक प्रयोग तर या सगळ्याच्या मुळाशी जातो. फ्रिट्झ हायडर आणि मेरी-ॲन सिमेल यांनी १९४४ साली अडीच मिनिटांच्या आसपासचा एक चित्रपट दाखवला. त्यात होते फक्त एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दारासारखी उघडणारी बाजू असलेला एक चौकोन. पहिल्या गटातल्या ३४ विद्यार्थिनींना काय दिसलं ते लिहायला सांगितलं. त्यांपैकी फक्त एकीने आकृत्यांचं आकृत्या म्हणून वर्णन केलं. बाकीच्यांनी गोष्ट लिहिली: कोण कुणाचा पाठलाग करतंय, कोण घाबरलंय, कोण दांडगाई करतंय. डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही, तरी स्वभाव दिसला. हालचाल आधी आणि अर्थ नंतर हा माझा नियम यातूनच आलेला आहे.

१९८७ मध्ये ॲनिमेशन अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, २००६ मध्ये फक्त या विषयाला वाहिलेलं संशोधन नियतकालिक निघालं. जागा आहे का, याचं उत्तर इथेच मिळालं. एक सावधगिरी: १९७१ साली चिलीमध्ये एरियल डॉर्फमन आणि आर्मां मातेलार यांनी डोनाल्ड डकवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्याच्या प्रती जाळल्या गेल्या, ते छापील चित्रकथांबद्दल आहे, चित्रपटांबद्दल नाही. विद्यार्थी ते सर्रास चित्रपटाला लावतात. छापील चौकटीत पात्र हलत नाही, वाचकाचा डोळा हलतो. हा फरक विसरू नका.

आकडे मोजूनही अभ्यास होतो आणि तो चांगला झाला तर डोळे उघडतात. भाषाशास्त्रज्ञ रोझिना लिप्पी-ग्रीन यांनी १९९७ च्या पुस्तकात डिस्नेचे २४ चित्रपट घेऊन त्यांतल्या ३७१ पात्रांचे इंग्रजी उच्चार तपासले. परदेशी ढंगाचं इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांत वाईट हेतूच्या पात्रांचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. २०१६ मध्ये कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉअर यांनी राजकन्यांच्या चित्रपटांतले संवाद मोजले. 'स्नो व्हाइट'मध्ये बायकांचा वाटा साधारण निम्मा, पण १९८९ च्या 'द लिटल मरमेड'मध्ये पुरुष ६८ टक्के बोलतात आणि 'मुलान'मध्ये ७७ टक्के. मुलान स्वतः युद्ध जिंकते, आणि तिच्याच चित्रपटात तीन चतुर्थांश बोलणं पुरुषांचं! "नायिका सक्षम दाखवली आहे" हे वाक्य लिहिण्याआधी असं काहीतरी मोजून बघायला हवं.

पण आकड्यांनाही मर्यादा आहे. टोटोरो शून्य टक्के बोलतो.

मोजायला बसाल तेव्हा चित्रपटाची कोणती प्रत बघितली, हे लिहून ठेवा. १९९२ च्या 'अल्लादीन'मधल्या सुरुवातीच्या गाण्यातली एक ओळ अरब-अमेरिकी लोकांच्या तक्रारीनंतर १९९३ च्या घरगुती व्हिडिओत बदलली गेली. ज्याने व्हिडिओ बघितला त्याने वेगळा चित्रपट बघितला. आपल्याकडे तर दूरचित्रवाणीवर दाखवताना कापलेली, डब केलेली, पडद्याच्या कडा छाटलेली अशा किती प्रती फिरत असतात. लघुप्रबंधात चित्रांचे तुकडे वापरायला भीती बाळगू नका. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची तरतूद आहे.

आता तिसरा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे.

आपण पुण्यात आहोत, याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून १९३३ साली इथे आली, आणि त्याच दशकात इथे 'जंबूकाका' नावाचा कोल्ह्यावरचा कार्टूनपट तयार झाला. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. तिथल्या ग्रंथालयात जा, जुन्या मासिकांत या कार्टूनपटांबद्दल काय छापून आलं ते शोधा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवल्या. राजा हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांनी रोपाला पात्र केलं होतं, असं मी वर्गात म्हणते आणि ते मला शब्दशः खरं वाटतं.

त्याही आधी, १८९२ पासून, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन शांबरिक खरोलिकेचे खेळ करत होते. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, आणि पट्ट्या भराभर बदलून चित्रातल्या आकृत्या हलल्याचा भास. सोबत निवेदन आणि संगीत. आणि पिंगुळीची चित्रकथी! एक माणूस चित्र समोर धरतो आणि त्यातल्या सगळ्या पात्रांच्या वतीने एकटाच बोलतो, गातो. चित्रकथीची जुनी चित्रं बघायला तुम्हाला सिंधुदुर्गाला जायची गरज नाही, शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. बाजूने काढलेला चेहरा आणि त्यात भलामोठा डोळा, हे समोर उभं राहून नीट बघा. भाव दिसावा म्हणून काय मोठं करायचं आणि काय गाळायचं, हा निर्णय तिथेही कुणीतरी घेतलेला आहे.

मात्र यावरून "ॲनिमेशनचा शोध आपल्याकडेच लागला" असं लिहू नका. चित्रकथीतून पुढे कार्टून निघालं अशी साखळी दाखवता येत नाही. आपल्याकडे कार्टूनपटाचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं ते १९५६ मध्ये, डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला शिकवायला आले तेव्हा. त्यातून 'द बनियन डिअर' झाला. तुलना करा, वंशावळ लावू नका. विजया मुळे आणि भीमसेन यांच्या १९७४ च्या 'एक अनेक और एकता'मधला सुटसुटीत रेषेतला मुलगा बघितला की डिस्नेची गोलाई सोडून आपले चित्रकार कुठे निघाले होते ते दिसतं. त्याच्यावर चाळीस पानं सहज लिहिता येतील आणि माझ्याकडे आजवर कुणी लिहिलेली आलेली नाहीत.

'छोटा भीम'बद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण विद्यार्थी एकतर त्याचा अभ्यास टाळतात नाहीतर त्याची टिंगल करतात. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने तो दूरचित्रवाणीवर आणला. "हालचाल गरीब आहे" हे कुणीही सांगेल. पण हिशेब करा: २२ मिनिटांचा भाग, सेकंदाला १२ चित्रं, तर एका पात्राची १५,८४० चित्रं. आठवड्यामागून आठवडे हे कुणालाही परवडणार नाही. मग तीच धाव, तेच वळणं पुन्हा वापरलं जातं, अंग स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले जातात. जपानमध्ये १९६३ च्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून हीच काटकसर एक शैली बनली. तेव्हा प्रश्न असा विचारा: हालचाल कमी केली तर स्वभाव कुठून आणला? तो आणला लाडवातून, धोतरातून, नावांतून. आणि नावं बघा. दादागिरी करणाऱ्या मुलाचं नाव कालिया. या एका शब्दात काळा रंगही आहे आणि कृष्णाने मर्दन केलेला नागही. चार वर्षांच्या मुलाच्या कानावर हे नाव रोज पडतं. तुम्ही मराठी-हिंदीत वाढलेल्या असल्यामुळे हे ऐकू येतं, बाहेरच्या अभ्यासकाला टीप वाचावी लागेल.

ऐकण्यावरूनच तुमच्यासाठी माझ्या मनात असलेल्या विषयाकडे येते. पुण्यातल्या मराठी घरांतली लहान मुलं खेळताना हिंदीत बोलतात, हे तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलं असेल. "चल, मैं डोरेमॉन, तू नोबिता" असं खेळणाऱ्या मुलाला आई खिडकीतून मराठीत हाक मारते आणि तो मराठीत उत्तर देऊन पुन्हा हिंदीत खेळायला लागतो. आई-वडील याची तक्रार करतात. मला ती तक्रार समजते, पण अभ्यासक म्हणून मला त्यात फार मोलाचं काही दिसतं. त्या मुलासाठी हिंदी ही पात्र होण्याची भाषा झालेली आहे. तो कधी भाषा बदलतो? पात्र सोडल्यावर की खेळ थांबल्यावर? पात्राच्या अंगात शिरताना त्याची चाल बदलते का, फक्त आवाज बदलतो का? नोबिता रडतो तसा तो रडतो का? हे जपानी रेषेतलं, हिंदी आवाजातलं, मराठी अंगणातलं पात्र आहे आणि याचा अभ्यास दुसऱ्या कुठल्या शहरातून तुमच्याइतका चांगला करता येणार नाही.

याला जोडून डबिंगचा विषय आहे. परदेशी ॲनिमेशनपट हिंदीत येतो तेव्हा लिप्पी-ग्रीन यांनी मोजलेले सगळे इंग्रजी ढंग पुसले जातात आणि त्या जागी दुसरे ढंग येतात. कोण शुद्ध हिंदी बोलतं, कोण बंबइया? मराठी वळणाची हिंदी कुठल्या पात्राच्या वाट्याला येते? हिंदी चित्रपटांत ती वर्षानुवर्षं कुणाच्या वाट्याला आली, हे आपल्याला ठाऊक आहे. ॲनिमेशनमध्ये तेच होतं का, हे मोजता येईल.

मुलांबरोबर काम करणार असाल तर आई-वडिलांची लेखी संमती घ्या, आणि मुलालाही विचारा, त्याने नाही म्हटलं तर तिथेच थांबा. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न अजिबात विचारू नका. मुलं हुशार असतात, मोठ्यांना हवं ते उत्तर लगेच देतात: खोटं बोलू नये, भाज्या खाव्यात. त्यापेक्षा कागद आणि खडू द्या आणि पात्र काढायला सांगा. काय आधी काढतात, काय मोठं काढतात, काय विसरतात, ते टिपा. काढता काढता मूल पात्राचा आवाज काढायला लागतं, तो भाग सगळ्यात मोलाचा असतो.

चित्रपट निवडताना हाव धरू नका. "डिस्नेच्या नायिका: १९३७ ते आजपर्यंत" असे विषय घेऊन येणाऱ्यांची मला काळजी वाटते, ऐंशी पानांत ते मावत नाही. एक पात्र, दोन किंवा तीन प्रसंग, आणि त्यांच्या मागे काम करणाऱ्या माणसांची जमेल तितकी माहिती, एवढं पुरे. माणसांचं मुद्दाम सांगते. डिस्नेच्या स्टुडिओत सेलवर, म्हणजे चित्रांच्या पारदर्शक पत्र्यांवर, शाई आणि रंग भरणाऱ्या विभागात बहुतेक बायका होत्या, चित्रांना हालचाल देण्याचं काम मात्र पुरुषांकडे राखलेलं होतं, आणि १९४१ मध्ये तिथे मोठा संप झाला. श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. आपल्याकडची नावं तिथे कितव्या मिनिटाला येतात आणि कोणत्या कामापुढे येतात, तेही टिपून ठेवा. आणि याच्या दुसऱ्या टोकाला गीतांजली राव यांचं काम बघा, जिथे बरीच चित्रं एकाच हाताची असतात. त्यांच्या 'प्रिंटेड रेनबो' या लघुपटाला २००६ मध्ये कानच्या समीक्षक सप्ताहात पुरस्कार मिळाले. एकटीच्या हाताने काढलेलं पात्र आणि दोनशे जणांनी काढलेलं पात्र यांच्या रेषेत काय फरक पडतो, हे डोळ्यांना शिकवायला ती जोडी फार चांगली आहे.

मार्गदर्शकांकडे पुन्हा जाल तेव्हा विषयाचं नाव घेऊन जाऊ नका. पंधरा दिवस घ्या, एकच प्रसंग निवडा, वर सांगितलेल्या रकान्यांचा तक्ता पूर्ण भरा आणि त्याची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवा. चाळीस ओळींचा तक्ता समोर असला की बोलणं तक्त्यातल्या ओळींवर होतं: ही पापणी इथे का मिटली, हा थांबा तुम्ही नक्की मोजलात का, या आवाजाच्या आधी चित्र हललं की नंतर. त्यातल्या ज्या ओळीवर तुमचं आणि त्यांचं एकमत होणार नाही, तिथून पहिलं प्रकरण लिहायला घ्या.